दुसरा वाटा

“माया नंबर शेवटी लिवा जी मॅडम,” फागो शेंडे म्हणाले. “घरच्या माणसानं पंगतीत पयले बसू नये.”

मी वाळूवर उकिडवी बसून मांडीवरच्या वहीत फोन नंबर उतरवत होते. जानेवारीतली सकाळ, नदी आटून पार पलीकडच्या काठाला गेलेली, आणि मधल्या पांढऱ्या वाळूत ढिवरांच्या डांगरवाड्या. डांगर म्हणजे कलिंगड. पावसाळाभर मासे धरणारी ही माणसं पाणी ओसरलं की पात्रातच झोपड्या टाकत, वाळूत चर खणून वेल लावत आणि वैशाख संपेपर्यंत तिथेच राहत. वर तीस किलोमीटरवर धरण. खालच्या शहराला पाणी कमी पडलं की धरणाचे दरवाजे उचलले जात, आणि कोरड्या पात्रातून येणारं ते पाणी कुणाला विचारून येत नसे. आदल्या वर्षी दोन झोपड्या वाहून गेल्या होत्या. माणसं वाचली ती नशिबानं.

म्हणून धरणाच्या ऑफिसनं ठरवलं की पाणी सोडताना प्रत्येक वाडीवाल्याच्या मोबाईलवर मेसेज जाईल. ते काम आमच्या गावातल्या लाखे सरांच्या कॉम्प्युटरच्या दुकानाला मिळालं, म्हणजे मला मिळालं, कारण दुकानात प्रोग्रॅम लिहिणारी मी एकटीच. चोवीस वर्षांची होते आणि हुशारी नुसती ओसंडून वाहत होती.

एकवीस नंबर झाले, बाविसावा फागोकाकांचा. वाडीवाल्यांचे ते पुढारी, साठीचे, आवाज असा की ओरडले तर दोन्ही काठांवर ऐकू जावा. बाजूला पहाटेच्या जाळ्यातल्या मासळीचे वाटे पडत होते. काकांनी दोन वाटे उचलले.

“काका, तुम्हाला दोन?” मी चिडवलं.

“दुसरा माया नाई, दशरथचा हाये. थो बजारात गेला. हातात दोन आले का एक आपला, दुसरा शेजाऱ्याचा. नेऊन द्याचा. आमच्यात इचारा लागत नाई.”

मी मान डोलावली. मासळीत मला काही रस नव्हता.

“चला, दशरथकडेच जाऊ,” काका म्हणाले. “थो एकच राह्यला.”

दशरथ मारबत्यांची वाडी सगळ्यात वेगळी होती. वळणापलीकडे नदीच्या दोन धारांमध्ये वाळूचा एक उंचवटा होता, त्यावर एकटी झोपडी. मधली धार घोट्याएवढी, पण काका म्हणाले पाणी आलं की पहिले हीच भरते, आणि मग माणूस बेटावर अडकतो. झोपडीपुढे दशरथकाकांची बायको सयत्रामावशी वेलांना पाणी घालत होती. पन्नाशीची, काटक, जिभेला हाड नसलेली बाई.

“नंबर माया लिवा, ह्याईचा नको,” ती म्हणाली. “हे चार दिवस बजारात असते. पाण्यात कोन राह्यते? मी.”

मी लिहिला. तेविसावा, शेवटचा. मग तिच्या साध्या फोनात मेसेजसाठी आवाज निवडायला बसलो. टिंगटिंग तिला आवडेना. शेवटी कोंबड्याची बांग लागली तेव्हा ती इतकी हसली की हातातला तांब्या सांडला. “हेच ठेवा. कोंबडा आरवला का उठाचं, थे तर जल्मापासून ठाऊक हाये.”

पाण्याच्या कडेला एक काडी रोवलेली होती. मी विचारलं.

“थो आमचा मेसेज. घंट्या-घंट्यानं पाहाचं. काडी भिजली का निघाचं.”

“आता कशाला काडी मावशी? फोन वाजला की निघायचं. पाणी पोचायच्या पाच तास आधी वाजेल.”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “वाजनच?”

“वाजेलच.”

तिनं जाऊन काडी उपटली आणि चुलीपुढच्या सरपणात टाकली. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता, सांगायची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून ट्रायलचा मेसेज पाठवला. तेवीसच्या तेवीस फोन वाजले. दहा मिनिटांत सयत्रामावशीचा फोन आला, “मॅडम, कोंबडा आरवला!” आणि मागे फागोकाका हसत असल्याचंही ऐकू आलं.

त्यानंतर आठवड्याभरात मेसेज पाठवणाऱ्या कंपनीनं कळवलं की यापुढे प्रत्येक नंबरापुढे ९१ लागेल, नाहीतर मेसेज जाणार नाहीत. काम पाच मिनिटांचं. यादीतला एकेक नंबर घ्यायचा, त्याच्यापुढे ९१ जोडायचे. मी एक लूप लिहिला, मेसेज पाठवायच्या जुन्या लूपच्या आधी टाकला आणि चहाला गेले. परत ट्रायल घेतली नाही. एवढ्याशा बदलाला कसली ट्रायल?

फेब्रुवारीत धरणातून पहिलं पाणी सुटलं. धरणाच्या ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला, मी बटण दाबलं, पडद्यावर आकडा आला: पाठवलेले मेसेज २३. वाडीवाल्यांनी वेळेत सामान काठावर आणलं. मार्चमध्ये दुसऱ्यांदा सुटलं, पुन्हा २३, पुन्हा सगळे सुखरूप. साहेब खूश, लाखे सर खूश, माझा तर पाय जमिनीवर नव्हता.

त्याच आठवड्यात फागोकाकांचा फोन आला.

“मॅडम, मले दोन-दोन मेसेज येतात जी. फेब्रुवारीतबी दोन आले, आताबी दोन. सेम टू सेम.”

“बाकी कुणाला?”

“नाई, सगळ्याईले एकच. मलेच दोन. मंग मी काय करतो, एक माया अन् दुसरा...”

समोर दुसरं गिऱ्हाईक बसलेलं, प्रिंटर अडकलेला. “कळलं काका,” मी म्हटलं, “आजच दुरुस्त करते. पुढच्या वेळी एकच येईल.”

“एकच येईन?”

“एकच. काळजी करू नका.”

“बरं जी,” ते म्हणाले. “मंग बरोबर झालं.”

मला वाटलं, त्यांचा नंबर माझ्याकडून दोनदा टाइप झाला असणार. वही उघडून पाहिली असती तर कळलं असतं की तसं नाही. मी वही उघडली नाही. पाठवायच्या लूपमध्ये एक अट घातली: या नंबराला आत्ताच मेसेज गेला असेल तर पुन्हा पाठवू नकोस. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, पण तेव्हा मला ती मोठी चलाखी वाटली.

एप्रिलच्या अठरा तारखेला सकाळी दहाला साहेबांचा फोन आला. शहराला पाणी हवं, या वेळी जास्त सोडतोय. मी बटण दाबलं. पाठवलेले मेसेज २२.

लाखे सर मागे उभे होते. “तेवीस होते ना गं?”

“एक डबल होता सर. काढला.”

“शाब्बास,” सर म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला मी बँकेतून परतताना नदीवरच्या पुलावर आले तर कठड्याला गर्दी. पाणी आलं होतं. गढूळ, फेसाळ, काठोकाठ नाही पण पात्र भरून. आणि त्या पाण्यावरून डांगरं येत होती. हिरवीगार, एकामागून एक, गटांगळ्या खात. खालच्या बंधाऱ्यावर पोरं-बाया उतरून ती धरत होत्या. हसणं-खिदळणं चाललं होतं, जत्राच भरली होती म्हणा ना. आमच्या दुकानासमोरचा पानवाला दोन डांगरं काखेत मारून वर आला. “घ्या मॅडम, फुकटचं हाय,” म्हणाला.

मी घेतलं. खोटं कशाला बोलू, दोन्ही हातांनी घेतलं. ओलं आणि गार होतं. मग मनात आलं की वाडीवाल्यांनी पाच तास आधी निघताना तयार फळ वाळूत का सोडलं असेल? आणि ही एवढी डांगरं कुणाची?

मी ते तिथेच कठड्यावर ठेवलं आणि स्कुटी नदीकडे घातली.

काठावर बावीस कुटुंबांचं सामान व्यवस्थित लागलेलं होतं. भांडी, गोधड्या, शेळ्या, डांगरांचे ढीग. माणसं मात्र सगळी पाण्याच्या कडेला. फागोकाका कमरेपर्यंत पाण्यात उभे राहून त्यांच्या त्या आवाजात ओरडत होते, “सयत्राऽऽ! सयत्राऽऽ!” वळणापलीकडचं बेट दिसत नव्हतं. बेट राहिलंच नव्हतं.

दशरथकाका बाजारातून आले तेव्हा साडेचार झाले असतील. रिकामी टोपली डोक्यावर तशीच. त्यांना कुणी काही सांगितलं नाही, सांगायची गरज पडली नाही. ते कडेला बसले आणि पाण्याकडे पाहत राहिले. मी त्यांच्यापासून दहा हातांवर उभी होते. जवळ गेले नाही.

मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी बंधाऱ्याच्या खाली सापडली. पदराच्या टोकाला गाठ होती. पोलिसांनी सोडली तर आत फोन. पाणी जाऊन बंद पडलेला.

“पदरातच होता,” गर्दीतली एक बाई म्हणाली. “पदरात वाजला तरी आयकू नाई आला?”

“झोपली असन दुपारची.”

“घाणेरडी सवय, मोबाईलचा आवाज बंद करून ठेवते लोकं.”

सगळ्यांचे फोन वाजले होते, त्यामुळे तिचा वाजला नसेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. धरणाच्या ऑफिसातून चौकशीला साहेब आले. त्यांच्या हातात मीच छापून दिलेली यादी होती. तेविसावं नाव सयत्रा दशरथ मारबते, पुढे बरोबर नंबर. कागदात खोट नव्हती. साहेबांनी दशरथकाकांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “मेसेज गेला होता बाबा. आमच्याकडून कसूर नाही.”

दशरथकाकांनी मान खाली घातली. मग एकदम प्रेताकडे पाहून ओरडले, “म्हटलं होतं तुले काडी गाड! कोंबड्याच्या भरवशावर राह्यली! बह्याड!” आणि तोंडात धोतराचा सोगा कोंबून रडू लागले.

मी तिथून दुकानात आले आणि प्रोग्रॅम उघडला. बावीस का? यादीत तेवीस नावं आहेत, एकही दोनदा नाही, मग बावीस का?

पाऊण तास लागला. आता सांगते तेव्हा दोन मिनिटांचं वाटतं.

लूप म्हणजे यादीवरून एकेक करत हात फिरवणं. नेहमीच्या लूपमध्ये हातात येते ती नक्कल. नक्कल बदलली तरी यादीतलं मूळ तसंच राहतं. मला तर मूळ नंबरच बदलायचे होते, म्हणून मी ९१ च्या लूपमध्ये एक छोटं चिन्ह टाकलं होतं. त्याचा अर्थ, नक्कल देऊ नकोस, मूळ जागेवरच हात ठेवू दे. ते काम चोख झालं, तेवीसही नंबरांना ९१ लागले. पण लूप संपल्यावर हात कुठे होता? शेवटच्या जागेवर. सयत्रामावशीच्या जागेवर. तो तिथून उचल असं सांगावं लागतं, एका ओळीत. ती ओळ मी लिहिली नव्हती.

मग दुसरा लूप सुरू झाला, मेसेज पाठवण्याचा, आणि त्यात मी तोच हात वापरला. त्यानं पहिला नंबर उचलला. पण हात तर मावशीच्या जागेला चिकटलेला, त्यामुळे पहिला नंबर तिच्या जागेवर लिहिला गेला. दुसरा उचलला, तोही तिथेच. प्रत्येक माणसाला मेसेज गेला आणि जाता जाता प्रत्येकाचा नंबर तिचा पुसून तिथे बसला. बाविसावा फागोकाकांचा. आणि तेविसाव्याची पाळी आली तेव्हा तिथे मावशी नव्हतीच, फागोकाकांचीच नक्कल होती. म्हणून त्यांना दोन. तो दुसरा मेसेज मावशीचा होता, आणि मी तोही बंद केला.

छापलेल्या यादीत मात्र सगळं जिथल्या तिथे. कारण हे सगळं मेसेज जाण्याच्या त्या दोन-तीन सेकंदांतच घडायचं आणि संपायचं.

मी लाखे सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी दोन्ही लूप वाचले. मग शटर अर्धं खाली ओढलं.

“कुणाला सांगितलंस?”

“नाही.”

“ती ओळ टाक. आत्ता, माझ्यासमोर.”

मी टाकली. आठ-दहा अक्षरांची ओळ. टाइप करायला मला पाच सेकंद लागले.

“सर, साहेबांना सांगायला हवं. दशरथकाकांना सांगायला हवं. लोक तिला नावं ठेवतायत.”

“सांग की,” सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, थकलेला होता. “सांग आणि तुरुंगात जा. मीही येतो बरोबर. बाई परत येणार आहे का? शुभदा, माझी दोन पोरं शिकतायत. तुझ्या बापाला तू एकटी आहेस. गप्प बस.”

मी गप्प बसले. सरांवर ढकलायला बरं वाटतं, पण खरं हे की त्यांनी गप्प बस म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं.

मे महिन्यात फागोकाका दुकानात आले. पहिल्यांदाच. चपला बाहेर काढून, देवळात आल्यासारखे. मी खुर्ची दिली तर बसले नाहीत.

“मॅडम, एक काम होतं. मले पयलेसारखे दोन मेसेज येऊ द्या.”

“दोन कशाला काका?”

“दोन येत होते थे बरं होतं जी. हातात दोन आले का मले समजे, एक आपला, दुसरा दशरथचा. मी धारेपाशी जाऊन आवाज देत होतो. फेब्रुवारीत देला, मार्चमधी देला. सयत्रा म्हने, आमचा कोंबडा तुमच्याच घरी आरवते का जी.” ते हसायला गेले, पण तोंड वेडंवाकडं झालं. “मंग तुमी म्हटलं, आता एकच येईन. मी म्हटलं, चला, मॅडमनं दशरथचा वाटा दशरथच्या घरी लावून देला. म्हणून त्या दिवशी मी आवाज नाई देला. एकच आला न जी हातात.”

मी उगाचच टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

“थे फोनवर सांगतच होतो तुमाले,” काका म्हणाले. “तुमाले काम होतं.”

त्यांना माझ्यावर संशय नव्हता. एवढ्या वर्षांनंतरही मला हेच सहन होत नाही, की त्यांना कणभरही संशय नव्हता. ते स्वतःलाच दोष देत होते. गेलेल्या मेसेजवर विसंबून शेजाऱ्याला हाक मारली नाही, हा आपला गुन्हा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. माझ्या एका शब्दानं तो त्यांच्या डोक्यावरून उतरला असता.

“दोन नाही येणार काका,” मी म्हटलं. “आता प्रोग्रॅम बरोबर झालाय.”

“बरं जी,” ते म्हणाले, आणि चपला घालून गेले.

पुढच्या जानेवारीत वाड्या पुन्हा लागल्या. दशरथकाका या वर्षी येणार नाहीत असं सगळे म्हणत होते, पण ते आले. बेटावर नाही, फागोकाकांच्या शेजारी झोपडी टाकली. नंबर मात्र बायकोचाच ठेवा म्हणाले. सिमकार्ड सुकवून नव्या फोनात घातलं होतं, आणि मोबाईलवाल्याला सांगून तोच कोंबड्याचा आवाज लावून घेतला होता. हे मला फागोकाकांकडून कळलं. मी नदीत जायचं बंद केलं होतं.

फेब्रुवारीत पाणी सुटलं. मी बटण दाबलं. पाठवलेले मेसेज २३. पडद्यावरच्या त्या आकड्याकडे पाहत बसले होते तेवढ्यात माझा फोन वाजला. नाव आलं, सयत्रामावशी. मी ते खोडलं नव्हतं.

“मॅडम,” दशरथकाकांचा आवाज. “कोंबडा आरवला.”

“हो काका. पाणी सुटलंय. निघा.”

“निघतो.” पण त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडे माणसांची आवराआवर, भांड्यांचा आवाज, एक शेळी ओरडत होती. “मॅडम, लय जोरानं आरवते जी हा. झोपडीच्या बाहेर होतो मी, तरी आयकू आला. फागोच्या वाडीत आयकू गेला.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तिचे कान चांगले होते. मासोळी पाण्यात पलटली तरी आयकू जाये तिले.” त्यांनी श्वास घेतला. “मी वर्षभर तिले शिव्या देतो मॅडम. रोज. जेवाले बसलो का देतो. आज आरवला तं मनात आलं, इचारून पाहावं. थ्या दिवशी वाजला होता न? तुमाले ठाऊक असन. तुमच्या मशीनीत दिसते म्हनते.”

दुकानात कुणी नव्हतं. लाखे सर जेवायला गेले होते. मला कुणी अडवणारं नव्हतं, कुणी शटर ओढणारं नव्हतं. तिच्या नवऱ्यानं तिच्याच नंबरावरून मला सरळ प्रश्न विचारला होता, आणि त्याला हवा होता फक्त एक शब्द. नाही.

“हो काका,” मी म्हटलं. “वाजला होता.”

पलीकडे पुन्हा ती शेळी ओरडली.

“बरं,” ते म्हणाले. “मंग तिचीच चूक.”